आगीत शुद्ध होतो तो कोणता धातू?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याची सळई होते. हे रोज पाहणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा: अणुभट्टीत वापरलेले इंधनही असेच तापवावे, मळी काढावी, धातू परत घ्यावा. आगीत सोने शुद्ध होते, मग युरेनियम का होणार नाही?

हा दाखलाच उलटा पडतो. मुशीत सोने उरते, कारण शिसे-तांबे ऑक्सिजन घेतात आणि सोने घेत नाही. लोखंडाचे नशीब तसे नाही. भंगारात मोटारीच्या वाइंडिंगचे तांबे आले तर ते पोलादातच राहते, कारण तांब्याआधी लोखंडच जळते. तांबे वाढले की गरम लाटताना पोलादाला तडे जातात. म्हणून ते आधीच वेचून काढावे लागते, नाहीतर स्पंज आयर्न घालून त्याचे प्रमाण उतरवावे लागते.

अमेरिकेत आयडाहोच्या ईबीआर-२ अणुभट्टीचे इंधन १९६४ ते १९६९ या काळात खरोखर वितळवूनच शुद्ध करत. सीझियम उडून जाई, विरल मृदा धातू ऑक्साइड होऊन मुशीला चिकटत; पण मॉलिब्डेनम आणि रुथेनियम युरेनियमला सोडत नसत. जालन्यातल्या तांब्याचीच ही गत!

निवड करते ती वीज. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या लिथियम-पोटॅशियम क्लोराइडात इंधनाच्या तुकड्यांची टोपली धनाग्र होते. युरेनियम क्षारात उतरते आणि पोलादी ऋणाग्रावर पुन्हा धातू होऊन जमते. रुथेनियम टोपलीतच राहते. सीझियम, स्ट्रॉन्शियम यांची क्लोराइडे अधिक स्थिर, ती क्षार सोडत नाहीत. प्लुटोनियमला द्रवरूप कॅडमियमचे ऋणाग्र लागते. कॅडमियमशी जुळून ते युरेनियमसोबत तिथे येते.

मग तुर्भ्यात १९६४ पासून रुळलेली, वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवण्याची पद्धत काय वाईट? मुळीच वाईट नाही. पण शीघ्र प्रजनक अणुभट्टीतले धातुरूप इंधन फार थंड होऊ न देता हाताळायचे, तर त्या पद्धतीतला सेंद्रिय द्रावक किरणोत्साराने बिघडतो. क्षाराला ती भीती नाही. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या पद्धतीवर संशोधन चालते ते याचसाठी.

आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा: क्षार ओलावा शोषतो म्हणून सारे काम आर्गॉन वायूत करावे लागते, थोड्या विरल मृदा प्लुटोनियमबरोबर येतातच, आणि सीझियम साचत गेलेला क्षार अखेर कायमचा बंदिस्त करावा लागतो.