प्रश्नाला उत्तर देण्याची शिक्षा

व्यक्तीच्या वासना समाज दडपतो, असें म्हणण्याची रीत आहे. पण वासना कोणत्याहि समाजाला मारतां येत नाहीं. तो तिचा उच्चार तेवढा बंद करतो. मुंबईच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षि कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. गिरगांव चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजांत ते गणित शिकवीत. १९२१ सालीं त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्यापायीं १९२५ मध्यें नोकरी गेली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. गिरगांवच्या चाळींत तेव्हां एकेका खोलींत अख्खें कुटुंब नांदे. लालबाग-परळचे कित्येक गिरणीकामगार बायकामुलांना गांवीं ठेवून वर्षानुवर्षें खानावळींत जेवत. दोहोंकडे कामजीवनाविषयीं मौनच होतें. जें घरांत विचारतां येत नसे, तें वाचक या मासिकाला पत्रानें विचारूं लागले.

विचारणाऱ्यांना कोणीं शिक्षा केली नाहीं. ती उत्तर देणाऱ्याला झाली. १९३१ मध्यें अश्लीलतेच्या आरोपावरून कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्यें वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच खटला उभा राहिला. परळच्या चाळींत अनेक वर्षें काढलेल्या डॉ. आंबेडकरांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. तरीहि २०० रुपये दंड झालाच.

हेंच मौन १९३७ मध्यें शांतारामांच्या ‘कुंकू’ चित्रपटानें पडद्यावर मोडलें. वृद्धाशीं फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पति मानण्याचें साफ नाकारते. वृद्धाच्या समाजसेवी कन्येची भूमिका शकुंतला परांजपे यांनीं केली होती. त्या कर्व्यांच्या आप्त आणि संततिनियमनाच्या पुरस्कर्त्याहि होत्या.

संस्कृति ही वासनांच्या संयमावरच उभी असते, असें फ्रॉइडनें १९३० मध्यें मांडलें. तें खरें धरलें, तरी समजून पत्करलेला संयम निराळा आणि अज्ञानांत कोंडून ठेवणें निराळें. पहिला माणसाचा, दुसरें त्याच्यावर लादलेलें.

१९५२ मध्यें कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. पुढल्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं, कर्वे निवर्तले. लोकसंख्येचा प्रश्न सरकारनें आपला म्हटला. स्त्रीपुरुषांच्या सुखाचा प्रश्न मात्र लोकांनीं पुन्हां घराच्या दाराआड लोटला, आणि कर्व्यांचें खरें भांडण तर त्याच दाराशीं होतें.