जाड, तिरपे, पण जागेवरच

टंकलेखन यंत्राची कोणतीही कळ दाबा, गाडा सारखाच सरकतो. म्हणून रोमन लिपीतील बारीक 'आय' आणि रुंद 'एम' यांना जागाही सारखीच मिळते. १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमसाठी 'कूरियर' हे अक्षरवळण घडवले. त्यात 'आय'ला आडव्या पट्ट्या देऊन रुंद केले आणि 'एम'ला दाटीने बसवले.

यंत्रावर अक्षर ठळक हवे तर त्याच जागी ते पुन्हा उमटवावे लागे. १९६१ च्या 'सिलेक्ट्रिक'मध्ये अक्षरांचा गोळा बदलला की तिरपी अक्षरेही मिळत. १९८५ च्या ॲपल 'लेझररायटर'मध्ये मात्र साधे, ठळक, तिरपे आणि ठळक-तिरपे असे चारही कूरियर तयारच होते.

चौघांची रुंदी एकच : अक्षराच्या आकारमानाच्या ०.६ पट. आपण हिशेब करून पाहू. १२ पॉइंटचे अक्षर ७.२ पॉइंट जागा घेते. ७२ पॉइंटच्या इंचात १० अक्षरे मावतात. टंकलेखन यंत्राचे हे जुनेच माप!

रेषा जाडावल्या तरी जागा वाढत नाही. अक्षराच्या पोटातली पोकळी आक्रसते. म्हणून सलग वाचनाला ठळक-तिरपा प्रकार त्रासदायक. पण तक्त्यात किंवा संगणकाच्या आज्ञावलीत एखादा शब्द उठून दिसावा, तरी रकाने हलू नयेत, अशा वेळी तोच कामाला येतो. गाडा गेला, त्याची शिस्त राहिली.