पानिपत, एक गोळी आणि कोल्हापुरात जन्मलेला खगोलशास्त्रज्ञ

१९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी एक हस्तलिखित आले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’, लेखक नारायण विनायक जगताप. साहित्यवर्तुळात हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की ज. वि. ना. होतात : जयंत विष्णू नारळीकर. हस्ताक्षरावरूनही कोणाला ओळख पटू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती.

ही सावधगिरी अकारण नव्हती. १९६४ मध्ये केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्तामुळे नारळीकर हे नाव भारतात घराघरांत पोहोचले होते. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. असे नाव लेखावर असते तर परीक्षकांनी कथा वाचली असती की नाव, हे सांगणे कठीण.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील, गणितज्ञ विष्णू वासुदेव नारळीकर, हेही जन्माने कोल्हापूरचेच. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक असल्याने बालपण मात्र काशीत गेले. पुढे ‘चार नगरांतले माझे विश्व’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांत कोल्हापूर नाही, याची हळहळ कोल्हापूरकरांनी खुशाल बाळगावी.

विज्ञानकथा हा प्रकार तेव्हा भारताला अगदीच अनोळखी होता, असे नाही. १८९६ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बंगालीत केशतेलाच्या बाटलीने चक्रीवादळ शमवणारी कथा लिहिली होती, आणि तीही एका स्पर्धेसाठीच. १९०५ मध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुल्तानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत सूर्याच्या उष्णतेवर चालणारा आणि स्त्रियांनी चालवलेला देश रंगवला. मराठीत श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ १९११ ची. तरीही मराठी समीक्षेने या प्रकाराला ओसरीवरच बसवून ठेवले होते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाची दखल घेतली, तेव्हा कुठे तो माजघरात आला.

१९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह निघाला. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्या कथांपैकी एक आवर्जून वाचावी, ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आहे, त्यामुळे मराठी न येणाऱ्या मुलांनीही ती वाचली आहे.

कथानायक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात चालत असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते ज्या जगात जागे होतात तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. पुण्याहून ते मुंबईला येतात, तर मुंबईवर अजून ब्रिटिशांचा अंमल, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार तिथे आजही चालू. चक्रावलेले प्राध्यापक एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेल्या भारताच्या इतिहासाचे पाच खंड काढून बसतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चार खंड जसेच्या तसे. बदल पाचव्या खंडात. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी या पुस्तकात त्यांच्या कानाजवळून निघून गेलेली असते.

मराठी वाचकाला ही जागा किती दुखरी आहे, हे वेगळे सांगायला नको. संपूर्ण धुव्वा उडणे याला मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणतात. विश्वास ठेव म्हटले की ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे उत्तर आजही गावोगावी मिळते. अडीच शतकांपूर्वीची लढाई ज्या भाषेच्या वाक्प्रचारात मुरली आहे, त्या भाषेत पानिपत जिंकल्याची कथा लिहायची तर दिल्लीवर फडकणारा जरीपटका, अटकेपार घोडदौड, शत्रूची दाणादाण असे सगळे साहित्य हाताशी तयार होते. नारळीकरांनी त्यातले फारसे काही वापरले नाही.

त्यांच्या कथेतला विजय रणांगणावर थोडा आणि नंतरच्या धोरणात अधिक आहे. विजयी पेशवे दिल्लीच्या बादशहाला नामधारी ठेवतात. युरोपात सुरू झालेल्या तंत्रयुगाचे महत्त्व ओळखून ते आपली विज्ञानकेंद्रे उभारतात. कंपनी मदतीला तज्ज्ञ देऊ करते, त्यांचे साह्य घेतले जाते, पण केवळ आपली केंद्रे स्वावलंबी होईपर्यंत. विसाव्या शतकात तो देश लोकशाहीकडे वळतो.

आता प्रत्यक्ष इतिहास पाहावा. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेऊन शाह आलमला तख्तावर बसवले. म्हणजे नामधारी बादशहा आणि मराठी सत्ता हा कथेतला प्रसंग काही काळ प्रत्यक्षातही घडला. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभारल्या, तोफा ओतण्याचे कारखाने चालवले. युरोपीय तंत्राचे महत्त्व त्यांना कळले नव्हते, असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्या पलटणींचे वरचे अधिकारी युरोपीयच राहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच दौलतराव शिंद्यांच्या सेवेतले इंग्रज अधिकारी बाजू सोडून गेले आणि द बॉयनचा वारस पेराँ अलीगढ पडल्यावर इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तंत्र विकत घेतले होते. ते शिकवणारी, पिढ्यांमागून पिढ्या घडवणारी शाळा मात्र उभी राहिली नव्हती.

कथेतले ‘स्वावलंबी होईपर्यंत’ हे कलम नेमके या जखमेवर बोट ठेवते. पानिपतची गोळी हुकली असती तरी १८०३ ची फितुरी टळली असती का, हा खरा प्रश्न आहे.

इतिहासकार या कथेवर आक्षेप घेऊ शकतो, आणि तो रास्त आहे. पानिपत एका गोळीने हरले गेले नाही. कित्येक आठवडे रसद तुटली होती, लष्कर उपाशी होते, सोबत बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. सूरजमल जाट साथ सोडून गेला होता, राजपूत तटस्थ होते, शुजाउद्दौला नजीबखानाच्या प्रयत्नांनी अब्दालीकडे वळला होता. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हे सांगितले जाते ते खरेच. पण धीर सुटण्याइतकी फौज आधीच थकली होती.

नारळीकरांना हे ठाऊक नसावे, असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी गोळी निवडली ती विज्ञानाच्या सोयीसाठी. कथेत गंगाधरपंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे दोन आधार देतात. पहिला, फ्रेंच गणितज्ञ रेने थॉम यांचा ‘कॅटॅस्ट्रफी’ सिद्धान्त : एखादी व्यवस्था कडेलोटाच्या टोकावर उभी असेल तर अगदी किरकोळ बदलाने ती पूर्णपणे वेगळ्या अवस्थेत जाते. दुसरा, पुंजभौतिकी. तिच्यात सूक्ष्म कणाची पुढची जागा नेमकी सांगता येत नाही, केवळ संभाव्यता सांगता येतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अर्थाप्रमाणे त्या सर्व शक्यता आपापल्या जगांत खऱ्या ठरतात. उपाशी, चिडलेली, तरीही दुपारपर्यंत जोमाने लढणारी फौज ही कडेलोटावरची व्यवस्थाच होती. थॉमच्या चष्म्यातून पाहिले तर आक्षेपाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

इंग्रजीत असे जर-तर इतिहासकारांनीही लिहिले आहेत. वॉटर्लूची लढाई नेपोलियनने जिंकली असती तर, यावर जी. एम. ट्रेव्हेलियन यांनी १९०७ मध्ये निबंध लिहिला. १९३१ च्या एका संग्रहात चर्चिल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गचा निकाल फिरवून पाहिला. ते मुख्यतः बुद्धीचे खेळ होते. नारळीकरांच्या पानिपतात भूतकाळ बदलून पाहण्याचा हेतू पुढे पाहण्याचा आहे. आहे हेच अटळ होते, असे ज्याला वाटते त्याला उद्याही अटळच दिसणार.

मराठीत ‘भविष्य’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत : येणारा काळ, आणि पत्रिका पाहून सांगितलेले भाकीत. नारळीकरांनी या दुसऱ्या भविष्याची चाचणीच घेतली. २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवण्यात आल्या. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली. प्रत्येकाला ४० कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातले ते सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती.

विज्ञानकथेची अशी परीक्षा घेता येत नाही, कारण ती एकच उत्तर देत नाही. १९८६ च्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो, आणि या यंत्राला आपल्यासारखी आणखी यंत्रे निर्माण करायची असतात. मूठभर भूमी मागणाऱ्या बटूने तीन पावलांत सारे व्यापले, ही पुराणकथा ठाऊक असलेल्या वाचकाला नावातच पुढचा धोका कळतो. घराघरांत संगणक येण्याच्या बराच आधी मराठी वाचक हा प्रश्न वाचत होता. यंत्रांची बुद्धी आज कोणत्या पायरीवर पोहोचली याचे भाकीत त्या पुस्तकात शोधू नये. यंत्राला ‘हो’ म्हणण्यापूर्वी काय विचारावे, हे त्यात सापडते.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था त्यांच्या हातून उभी राहिली. पाचव्या खंडातल्या पेशव्यांनी काढलेल्या केंद्रांची आठवण व्हावी, अशीच ती आहे.

आणि कोल्हापूर? अशा कथेला लागणारा फाटा कोल्हापूरच्या इतिहासातही आहे. १८६६ मध्ये गादीवर आलेले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. प्रवासात त्यांनी इंग्रजीत दैनंदिनी ठेवली, ती १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. अर्नो नदीच्या काठी, जिथे त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, तिथे आजही त्यांची छत्री उभी आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला त्यांचेच नाव आहे. गंगाधरपंतांसारख्या एखाद्या प्राध्यापकाला कोल्हापूरच्या गाडीत बसवायचे झाले, तर पाचवा खंड याच छत्रीपासून उघडता येईल.