त्वगासव आणि फणसआळंबें

घरगुती औषधांचें बाड हातीं आलें म्हणजे संग्राहक तें बहुधा बाजूस सारतात. सनदा, महजर, बखरी यांपुढें काढ्याच्या कृतीस कोण विचारतो? परंतु या बाडांत असें कांहीं सांपडण्याचा संभव आहे कीं जें ग्रंथांत मुळींच नाहीं.

सालींचें तसें नाहीं. चरकानें सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत 84 आसवें सांगितलीं. त्यांत तिल्वक, लोध्र, एलवालुक व क्रमुक यांचीं चार सालींचीं आहेत. पुढें शार्ङ्गधरानें भेद स्पष्ट केला : न शिजविलेलें औषध व पाणी यांचें तें आसव, काढ्याचें तें अरिष्ट. प्रमाण सांगितलेलें नसेल तेथें 1 द्रोण द्रवास 1 तुळा गूळ, त्याच्या निम्मा मध आणि गुळाच्या दशमांश प्रक्षेपाचें चूर्ण. द्रोण 256 पळांचा, तुळा 100 पळांची. म्हणजे मध 50 पळें व चूर्ण 10. बाडांतील आंकडे या मापाशीं ताडून पाहावे. कृति ग्रंथावरून उतरली कीं घरच्या वहिवाटींतून आली, याचा त्यावरून थोडाबहुत अजमास लागतो. नांवावर मात्र विसंबूं नये. अर्क हा भट्टीवर उतरवितात. दवाखान्यांतलें टिंक्चर तयार मद्यार्कांत औषध भिजवून होतें. अरिष्टांत मद्यार्क बाहेरून येत नाहीं, धायटीचीं फुलें घालून तोंड लिंपलेल्या मडक्यांत तो गुळापासून उत्पन्न होतो. बाडकर्त्यानें कोणताहि शब्द लिहिला असो, त्यानें केलें काय तें पाहावें.

आळंब्यांस हा आधार नाहीं. चरक सत्ताविसाव्या अध्यायांत छत्रकांचें नांव घेतो तें शाकवर्गांत : सर्पच्छत्रक वगळून बाकीचीं थंड, गोड, जड व पडसें आणणारीं. त्याच्या आसवांच्या यादींत आळंबें नाहीं. तथापि फणसाच्या खोडावर वाढणारें, ज्यास आज फेलिनस गणांत घालतात तें लांकडासारखें कठीण फणसआळंबें कोंकणांत व गोमंतकांत औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. पाण्यांत वाटून तें लाळ फार गळत असल्यास हिरड्यांस लावीत, अशी नोंद डायमॉकप्रभृतींच्या फार्माकोग्राफिया इंडिका (1890–93) या ग्रंथांत आहे. आमच्या आजोळीं तें सहाणेवर उगाळीत.

तेथें औषधांचें एक बाडहि होतें. वांटणीच्या वेळीं संस्कृताच्या अभिमानानें आम्हीं पोथ्या तेवढ्या उचलल्या. बाड न्हाणीच्या चुलींत गेलें. त्यांत आळंब्याची कृति होती कीं नव्हती, तें आतां कळणें नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं तीं याच दृष्टीनें एकवार चाळावींत. आळंबें उकळल्याची किंवा मद्यांत भिजविल्याची एखादी ओळ आढळल्यास त्या पानाची नक्कल, मापांच्या खुणांसह, या त्रैमासिकाकडे धाडावी.