पंचवीस वर्षे मोटारींविना : आल्प्समधील एका राज्याच्या रस्त्यांचा इतिहास

१/ १७ ऑगस्ट १९०० रोजी स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील ग्राउब्युंडन या राज्याच्या सरकारने एक आदेश काढला : राज्यातील कोणत्याही रस्त्यावर मोटार चालवण्यास मनाई. ही बंदी १९२५ पर्यंत टिकली. आज युरोपभरचे सायकलस्वार ज्या घाटांच्या ओढीने तेथे जातात, त्या घाटांवरील हक्काच्या वादाची ही कहाणी. #थ्रेड

२/ ग्राउब्युंडन हे क्षेत्रफळाने स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठे राज्य. तिथल्या भाषेत ‘कॅन्टन’. सुमारे ७,१०० चौरस किलोमीटर प्रदेश, आणि १९०० मध्ये लोकसंख्या अवघी एक लाखाच्या आसपास. दऱ्यादऱ्यांतून विखुरलेली गावे आणि जर्मन, रोमांश व इटालियन अशा तीन भाषा.

३/ या राज्याच्या दक्षिणेला एंगाडिनचे उंच खोरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर सिल्स, सिल्वाप्लाना आणि सेंट मॉरिट्झ ही सरोवरे एकामागोमाग एक पसरलेली आहेत. येथे उतरायचे तर अल्बुला (२,३१२ मीटर) किंवा युलियर (२,२८४ मीटर) यांसारखा एखादा घाट ओलांडावा लागे.

४/ हे घाटरस्ते बांधले गेले एकोणिसाव्या शतकात. स्प्लुगेन आणि सान बर्नार्दिनो या दोन खिंडींतील रस्त्यांचे काम १८१८ मध्ये सुरू झाले, तर अल्बुलाचा रस्ता १८६० च्या दशकातला. रुंदी, चढ, वळणे, सारे काही घोड्यांच्या टपालगाडीचे माप डोळ्यांपुढे ठेवून आखलेले. वर डांबर नव्हते. होती ती खडी आणि माती.

५/ अशा रस्त्यावर मोटार आली की काय होई? मागे धुळीचा लोट उठे आणि तो कडेच्या गवतावर, म्हणजे गुरांच्या हिवाळ्यातील चाऱ्यावर बसे. घोडे बुजत. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना बुजलेला घोडा म्हणजे गाडीतील सर्वांच्या जिवाशी गाठ.

६/ प्रश्न पैशाचाही होता. रस्ते राखायचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होई, आणि ती भरणारे बहुतेक शेतकरी व पशुपालक. मोटारी होत्या मूठभर श्रीमंतांच्या, त्यांतही अनेक परक्या पाहुण्यांच्या. रस्ता आपण बांधायचा, झिजवायचा मात्र दुसऱ्याने, हा हिशेब गावकऱ्यांच्या गळी उतरेना.

७/ तिसरे कारण रेल्वेचे. लांडक्वार्टहून निघालेली अरुंद मापाची रेल्वे १८९० मध्ये दाव्होसला पोहोचली होती. पुढे १९०३ मध्ये अल्बुलाचा बोगदा पार करून ती एंगाडिनात उतरली आणि १९०४ मध्ये सेंट मॉरिट्झला भिडली. या रेल्वेत राज्याचा मोठा पैसा गुंतला होता. तिच्या उत्पन्नाला नवा वाटेकरी नको होता.

८/ म्हणून या बंदीला केवळ ‘मागासलेपणा’ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या समाजाने त्याच दशकात डोंगराच्या पोटातून जवळपास सहा किलोमीटरचा बोगदा खणला, तो यंत्राला घाबरणारा समाज नव्हता. कोणते यंत्र, कोणाच्या सोयीसाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा त्याचा प्रश्न होता.

९/ बंदीच्या काळात मोटार घेऊन आलेल्या प्रवाशाची अवस्था मोठी विलक्षण असे. राज्यातून पुढे जायचे तर इंजिन बंद करायचे, पुढे घोडे जुंपायचे आणि ओढत न्यायचे. मोटार पुन्हा गाडी होई. त्या काळच्या छायाचित्रांत असे देखावे टिपलेले आहेत.

१०/ स्वित्झर्लंडमध्ये असे प्रश्न थेट मतपेटीपुढे येतात. बंदी उठवावी की ठेवावी, यावर १९०७ ते १९२५ या काळात ग्राउब्युंडनमध्ये तब्बल दहा वेळा मतदान झाले. १९११ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने बंदीच्या बाजूने कौल दिला. मात्र ‘मतदार’ म्हणजे तेव्हा केवळ पुरुष. त्याच रस्त्यांवरून चालणाऱ्या स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता.

११/ येथे सायकलीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा तपशील येतो. १९२१ मध्ये स्विस राज्यघटनेत ३७ ‘बिस’ हे नवे कलम घातले गेले. मोटार आणि सायकल या दोन्ही वाहनांच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार त्याने संघराज्याला दिला. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही वाहने तेव्हा एकाच पंक्तीत बसत होती.

१२/ त्याच कलमाने राज्यांचा अधिकारही शाबूत ठेवला : मोटार असो वा सायकल, तिच्यावर मर्यादा घालण्याचा किंवा तिला पूर्ण मनाई करण्याचा. संघराज्याने स्वतःकडे एवढेच राखले की, देशाच्या आरपार वाहतुकीला लागणारे रस्ते त्याला खुले जाहीर करता यावेत. आपल्या रस्त्यावर कोण फिरेल, हे ठरवण्याचा स्थानिकांचा हक्क घटनेलाही मान्य होता.

१३/ मग बंदी उठली कशी? पहिल्या महायुद्धाने पर्यटन मोडून पडले आणि हॉटेले ओस पडली. युद्धानंतर पैसेवाले पाहुणे मोटारीने फिरू लागले. त्यांना ग्राउब्युंडनची सीमा बंद दिसली की ते दुसरीकडे वळणार, ही हॉटेलवाल्यांची भीती. टपालखात्याच्या मोटारगाड्यांना काही मार्गांवर परवानगी मिळाली, आणि यंत्राचा आवाज दऱ्यांना सवयीचा होत गेला.

१४/ २१ जून १९२५. दहावे मतदान. या वेळी मोटारींच्या बाजूचे पारडे जड ठरले, पण निसटत्या फरकाने. पंचवीस वर्षांच्या वादानंतरही जवळपास निम्मे मतदार ‘नको’ म्हणत होते. पुढे रस्ते रुंदावले, डांबरी झाले आणि टपालगाडीचे घोडे हळूहळू दिसेनासे झाले.

१५/ मोटारींविना रस्ता कसा असतो, हे साऱ्या देशाला पुन्हा दिसले ते १९७३ मध्ये. तेलसंकटामुळे स्विस सरकारने २५ नोव्हेंबर, २ डिसेंबर आणि ९ डिसेंबर या तीन रविवारी खासगी मोटारी बंद ठेवल्या. माणसे चालत, सायकलींवर, पोरांना घेऊन थेट महामार्गांवर उतरली.

१६/ त्या रविवारांची आठवण मतपेटीपर्यंत गेली. वर्षातून बारा रविवार मोटारमुक्त असावेत, हा प्रस्ताव २८ मे १९७८ रोजी सार्वमताला आला आणि फेटाळला गेला. १८ मे २००३ रोजी मागणी उरली चार रविवारांची, तीही प्रायोगिक. तीही फेटाळली गेली. दोन्ही वेळा विरोधात साठ टक्क्यांहून अधिक मते पडली.

१७/ देशभर जे जमले नाही, ते काही ठिकाणी स्थानिक पातळीवर साधले. २००० मध्ये मुर्टेन सरोवराभोवतीचा रस्ता एका दिवसासाठी मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना खुला केला गेला. ‘स्लोअप’ नावाच्या या उपक्रमाची प्रथा पुढे इतर खोऱ्यांत पसरली आणि अल्बुलाच्या घाटापर्यंतही पोहोचली.

१८/ आणखी एक उदाहरण प्रागेल खिंडीचे. १७९९ मध्ये रशियन सेनापती सुवोरोव्हचे सैन्य फ्रेंचांशी झुंजत ही खिंड ओलांडून गेले होते. आज तिच्यातील ग्लारुस राज्याकडचा अरुंद रस्ता शनिवारी व रविवारी मोटारींना बंद असतो. माथ्यावरून क्लोंताल सरोवराकडे उतरताना सायकलस्वाराला गुरांच्या गळ्यातील घंटा दुरून ऐकू येतात.

१९/ ग्राउब्युंडनचा इतिहास येथे उपयोगी पडतो. ‘रस्ते मोटारींसाठीच असतात’ ही समजूत आज निसर्गनियमासारखी भासते. पण हे घाट मोटारींच्या आधीचे आहेत, आणि मोटारींना तेथे प्रवेश मिळाला तो मते मोजून. दहा वेळा विचारल्यावर, थोड्याशा फरकाने.

२०/ म्हणूनच मोटारमुक्त रविवारी अल्बुला चढणारा सायकलस्वार कोणाच्या मालकीच्या वाटेवर घटकाभर उसनी जागा मागत नसतो. त्या दिवशी तो रस्ता १९०० ते १९२५ या काळात होता तसाच, इंजिनाच्या आवाजाविना असतो. पुढचा रविवार कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार तेव्हाही खोऱ्यातल्या माणसांकडे होता, आणि पुष्कळसा आजही आहे.