वीस वर्षांचा शब्द : जामियाने आपली माणसं कशी घडवली

आपल्या बहुतेक अंजुमनांचा आणि शिक्षणसंस्थांचा इतिहास संस्थापकांच्या चरित्रातच संपतो. कोणी जमीन दिली, कोणी शाळा काढली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यानंतर संस्था कोणी सांभाळली आणि त्या माणसांना कोणी तयार केलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. म्हणूनच जामिया मिल्लिया इस्लामियाच्या सुरुवातीच्या दिवसांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्ये जामिया सुरू झाली. खिलाफत आणि असहकाराच्या भरात सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडून आलेले विद्यार्थी आणि उस्ताद हेच तिचं भांडवल होतं. हकीम अजमल खान कुलपती झाले, मौलाना मुहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू. पण असहकार थांबला, 1924 मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि पैशांचा ओघ आटला. 1925 मध्ये जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली, तेव्हा ती चालवायची की बंद करायची, हाच प्रश्न होता. ती चालली पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता.

त्या वेळी जर्मनीत तीन तरुण होते. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. शिक्षण संपवून तिघेही 1926 च्या फेब्रुवारीत परतले आणि थेट या कर्जबाजारी संस्थेत दाखल झाले. झाकिरसाहेब 1920 मध्ये अलीगढ सोडणाऱ्या तरुणांपैकीच एक होते. कुलगुरूपद हाती आलं तेव्हा त्यांचं वय 29. मुजीबसाहेब 23 वर्षांचे. हकीमसाहेब आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे दोघे देशभर नाव असलेले बुजुर्ग. त्यांनी ‘आधी चार वर्षं अनुभव घ्या’ असं म्हटलं नाही. सगळा कारभारच सोपवला आणि स्वतः पाठीशी उभे राहिले.

1927 च्या अखेरीस हकीमसाहेबांचं निधन झालं. मोठी देणगी मिळवून देणारं नाव गेलं. तेव्हा डॉ. अन्सारींच्या नेतृत्वाखाली जे घडलं, ते माझ्या मते जामियाच्या इतिहासातलं सर्वात मोठं पाऊल आहे. 1928 मध्ये संस्थेचा कारभार ट्रस्टकडून काढून एका सोसायटीकडे दिला गेला. तिच्या सदस्यांनी लिहून दिलं, की आम्ही वीस वर्षं जामियाची खिदमत करू आणि महिन्याला 150 रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. हे जामियाचे आजीव सदस्य.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. पुण्यात आगरकर आणि गोखले यांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यही असेच तुटपुंज्या पगारावर बांधले गेले होते.

या करारातला त्याग सगळ्यांना दिसतो, पण मला त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जो वर्गात शिकवत होता, तोच संस्थेचे निर्णय घेत होता. शिवाय प्रत्येकाकडे स्वतःचं एक काम होतं. आबिदसाहेब रिसाला आणि तर्जुमे सांभाळत. शफीकुर्रहमान किडवई यांनी सामान्य माणसांकडून छोट्या छोट्या रकमा गोळा करणारी हमदर्दांची योजना उभी केली, पुढे प्रौढशिक्षणही पाहिलं. 1930 च्या दशकात गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मन यहुदी बाई आली आणि लहान मुलांची ‘आपाजान’ झाली. 1943 मध्ये तिचं निधन झालं, तोपर्यंत ती जामियाचीच होती. माणसं निवडताना जात, धर्म, नातं यांपैकी काहीच आडवं आलं नाही.

1 मार्च 1935 रोजी ओखल्यात शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. दगड कोणा नवाबाने नाही, जामियाच्या सर्वात लहान विद्यार्थ्याने ठेवला. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेनंतर बुनियादी तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेनच होते. पाठोपाठ जामियात शिक्षक घडवणारा ‘उस्तादों का मदरसा’ सुरू झाला. वर्ध्यात ठरलेल्या तालीमसाठी ओखल्यात उस्ताद तयार होऊ लागले.

1948 मध्ये झाकिरसाहेब अलीगढला कुलगुरू म्हणून गेले. जामियाला नवा माणूस शोधावा लागला नाही. 22 वर्षं तिथेच मुरलेले मुजीबसाहेब होते. त्यांनी 1973 पर्यंत ती जबाबदारी निभावली.

या गोष्टीचा एक भाग आपण झाकून ठेवतो. पगार वेळेवर होत नसत आणि त्याची झळ बायकामुलांना बसत होती. त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. आजच्या तरुण शिक्षकाकडे तेवढा त्याग मागणं मला योग्य वाटत नाही. त्याला पूर्ण पगार मिळालाच पाहिजे.

पण दुसरी गोष्ट तर आपण देऊ शकतो ना? आपल्या कितीतरी संस्थांत सदरसाहेब तीस-तीस वर्षं तेच असतात. जलशात खुर्च्या मांडायला तरुण लागतात, मजलिसच्या बैठकीत मात्र ते नसतात. मग एक दिवस आपणच म्हणतो, नवी पिढी पुढे येत नाही. पुढच्या सालाना बैठकीत आपल्या संस्थेची सदस्ययादी एकदा वाचून बघा. तिशीच्या आतली किती नावं आहेत? आणि त्यांतल्या कितींच्या हाती हिशेबाची वही, एखादा विभाग, एखादा निर्णय दिला आहे?