आजी-आजोबांच्या घरी भरणारा वर्ग

“आता वय झालं, चालायचंच!” तोल जातो, विसरायला होतं, अशी तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांना आपण हे किती सहज ऐकवतो, नाही का? पूर्वी डॉक्टरही तेच म्हणत.

न्यूयॉर्कचे डॉ. इग्नाझ नॅशर यांची एक आठवण सांगितली जाते. विद्यार्थी असताना ते शिक्षकांबरोबर गरिबांच्या आश्रयगृहात गेले होते. एका वृद्धेने आपले दुखणे सांगितले. हे म्हातारपण आहे, याला इलाज नाही, असे शिक्षकांचे मत पडले. नॅशर यांना ते पटले नाही. लहान मुलांसाठी जसे वेगळे शास्त्र, तसे वृद्धांसाठीही हवे, असा आग्रह धरून त्यांनी १९०९ मध्ये ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द दिला.

पण हे शास्त्र शिकायचे कुठे? अमेरिकेतच बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची घरभेट सेवा १८७५ पासून चालू होती. विद्यार्थी गरिबांच्या घरी जाऊन रुग्ण तपासत. पुढे रुग्णालये वाढली, घरी येणारे डॉक्टर कमी झाले. ही सेवा मात्र टिकली. घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध तिचे मुख्य रुग्ण झाले आणि त्यांच्या घरी जाणे हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग बनला.

घरी असे काय दिसते, जे दवाखान्यात दिसत नाही? एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या डब्यात असतात. न्हाणीघराची फरशी निसरडी असते. रक्तदाब आहे, पण ताटात रोज लोणचे-पापड असतो. आणि कधीकधी दिवसभर बोलायला कोणीच नसते.

आपल्याकडे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ मध्ये स्थापनेपासूनच विद्यार्थ्यांना खेड्यांशी जोडण्यावर भर आहे. २०२२ पासून देशभरातील एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमही सुरू झाला. नेमून दिलेल्या कुटुंबांच्या घरी ते पहिल्या वर्षापासून जातात.

असा विद्यार्थी तुमच्या दारी आला, तर त्याला बाहेरच्या खोलीतून परत पाठवू नका. औषधांचा डबा दाखवा, न्हाणीघर दाखवा, आजींशी निवांत बोलू द्या. आणि कोणी येणार नसेल, तर पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आजी गेल्या काही महिन्यांत कुठे पडल्या असतील, तर तेही आठवणीने सांगा. “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका.